घरी परतणारे दोन पुरुष, आणि तिसरा

"एकदा त्याने घरी जाऊन यावे, म्हणजे सगळे सुरळीत होईल," असे माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या पत्नी, बहिणी आणि आया वारंवार म्हणतात. गणपतीलाही गावी न फिरकणाऱ्या पुरुषाविषयीची त्यांची काळजी खरी असते. त्या अपेक्षेविषयी मात्र मला शंका आहे.

असाच चाळिशीतला एक गृहस्थ पत्नीच्या आग्रहावरून आला (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). त्याच्या बुडालेल्या धंद्यापायी वडिलांना कोकणातली बाग विकावी लागली होती, आणि वडील गेल्यानंतर तो तिकडे गेलाच नव्हता. आई तिथे एकटी राहत होती. सुरुवातीच्या भेटींत तो जवळजवळ गप्पच बसे. अशा माणसाला स्वतःविषयी बोलण्यापेक्षा दुसऱ्याविषयी बोलणे सोपे जाते, हे मी अनेकदा पाहिले आहे; म्हणून मी त्याला विम वेंडर्स यांचा 'पॅरिस, टेक्सास' (१९८४) आणि केनेथ लोनरगन यांचा 'मँचेस्टर बाय द सी' (२०१६) हे दोन चित्रपट पाहायला सांगितले.

पहिल्यात चार वर्षे बेपत्ता असलेला ट्रॅव्हिस वाळवंटातून अबोल होऊन चालत येतो आणि भावाने सांभाळलेल्या आपल्या मुलाला त्याच्या आईपर्यंत पोहोचवतो. दुसऱ्यात भावाच्या मृत्यूमुळे ली गावी येतो, आणि पुतण्याचे पालकत्व मृत्युपत्रानेच त्याच्यावर येऊन पडते. याच गावात त्याच्या निष्काळजीपणामुळे लागलेल्या आगीत त्याची तीन मुले गेलेली असतात. अखेर दोघेही तिथे थांबत नाहीत.

"म्हणजे दोघंही पळालेच," तो म्हणाला.

"ली पळाला?"

"नाही. त्याने पुतण्याला सरळ सांगितलं, मला हे पेलवत नाही म्हणून." बऱ्याच वेळाने तो पुढे म्हणाला, "आणि ट्रॅव्हिस बायकोकडे पाठ करून बोलला. समोर बघून त्याला जमलं नसतं."

"तुम्हाला आईशी कसे जमेल?"

"फोनवर. ती दिसत नसताना."

इतक्या भेटींत त्याने स्वतःसाठी सुचवलेली ही पहिलीच गोष्ट होती. माणसाला घडलेल्या घटनेपेक्षा तिच्यावरून स्वतःवर लादलेली सक्ती अधिक छळते, असे मी मानते. म्हणूनच ट्रॅव्हिसचे निघून जाणे अनेकांना उदात्त वाटत असले, तरी मला ते स्वतःच ठोठावलेली शिक्षा भोगणे वाटते. त्यात मुलाला काय हवे, हे कोणी विचारतच नाही. ली मात्र पुतण्याची सोय विश्वासू मित्राकडे लावतो आणि तो अधूनमधून येऊन राहू शकेल अशी जादा खोली असलेले घर बॉस्टनमध्ये शोधू लागतो. आपल्याला किती झेपेल हे ओळखून तेवढे नक्की करणे मला अधिक निरोगी वाटते. घरच्यांनीही "कधी येतोस?" असे विचारण्याऐवजी "यातले काय तुला करता येईल?" असे विचारावे, आणि उत्तर लहान आले तरी ते स्वीकारावे.

त्याने फोनवर आईला बागेविषयी सगळे सांगितले. पुढे मिरगाआधी तो कौले परतून घ्यायला गावी गेला, पण मुक्काम मावसभावाकडे केला. आईची त्याला हरकत नव्हती. पत्नीची होती, आणि त्यानंतरच्या काही भेटी तिच्यासाठीच राखाव्या लागल्या.