चित्रपट परीक्षणावर पोट भरेल का?

सप्रेम नमस्कार.

सोलापुरात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या आपल्या मुलीला स्वतंत्र, म्हणजे मोठ्या निर्मितीसंस्थांच्या पाठबळाशिवाय बनणाऱ्या, चित्रपटांची परीक्षणे लिहायची आहेत व दिग्दर्शकांच्या मुलाखती घ्यायच्या आहेत, परंतु यावर पोट भरेल का, ही आपली व यजमानांची चिंता पत्रातून कळली. केवळ परीक्षणांच्या मानधनावर सुरुवातीला घर चालणार नाही, हे स्पष्टच सांगतो. तरीही तिला अडवू नये, असे माझे ठाम मत आहे. पदवीनंतर तिने पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठातून मास कम्युनिकेशनचे पदव्युत्तर शिक्षण घ्यावे, म्हणजे वृत्तपत्रातील नोकरीचा आधार राहील आणि परीक्षणलेखन त्यासोबत वाढवता येईल.

खरा कस मुलाखतीत लागतो. ‘ही कल्पना कशी सुचली?’ हा प्रश्न प्रत्येक दिग्दर्शकाने शंभरदा ऐकलेला असतो आणि त्याचे उत्तरही पाठ असते. करमाळा तालुक्यातील जेऊरचे नागराज मंजुळे यांचा २०१३ सालचा ‘फँड्री’ घ्या. डुक्कर पकडत असलेले कुटुंब शाळेतून राष्ट्रगीताचे सूर येताच जागच्या जागी उभे राहते आणि डुक्कर निसटून जाते. हे दृश्य तिने दोन-तीनदा पाहावे, कॅमेरा कोणाजवळ थांबतो, कोणता आवाज कधी येतो, हे वहीत टिपावे आणि त्या नोंदींतून प्रश्न काढावेत. असा प्रश्न ऐकला की दिग्दर्शक मनापासून बोलू लागतो, कारण समोरच्याने चित्रपट खरोखर पाहिला आहे याची त्याला खात्री पटते. उत्तर आल्यावर लगेच पुढचा प्रश्न रेटू नये. थोडे थांबले तर महत्त्वाचे वाक्य बहुधा त्यानंतरच येते.

स्वतंत्र दिग्दर्शकांकडे प्रसिद्धीसाठी पैसा नसतो, त्यामुळे मोठ्या नटांच्या तुलनेत ते नवख्या लेखकालाही वेळ देतात. ते प्रदर्शनापूर्वी चित्रपटाची खासगी लिंक पाठवतात. ती कोणालाही पुढे पाठवू नये. परीक्षणासाठी निर्मात्याकडून पैसे घेऊ नयेत आणि छापण्याआधी मजकूर त्याला मंजुरीसाठी दाखवू नये. हा नियम पहिल्या दिवसापासून पाळला नाही, तर पुढे तिच्या शब्दाला वजन राहणार नाही.

पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाला तिला अवश्य पाठवावे. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने जाऊन संध्याकाळी परतता येते, शिवाय तेथे अनेक दिग्दर्शक प्रत्यक्ष भेटतात. दरम्यान तिने चित्रपटांच्या उपशीर्षकांसाठी (सबटायटल्ससाठी) मराठी-इंग्रजी भाषांतराचा सराव ठेवावा. या क्षेत्रात ते मोबदला मिळवून देणारे काम आहे आणि त्यातून तिची चित्रपटकर्त्यांशी ओळखही वाढेल.