मार्क चांगले आहेत, मग हे कोरियनचं कुठून आलं?

मी न्यू जर्सीत मुलांचं समुपदेशन करते आणि इथल्या मराठी आईबाबांचा एक प्रश्न सारखा येतो, की मुलगी हुशार आहे, सगळं नीट चाललंय आणि ऐन अकरावीत हिला 'आपण नक्की कुठले' हा प्रश्न पडायला लागलाय, कॉलेजचं काय होणार? मला दरवेळी एक कोरियन मुलगी आठवते. घरच्यांना विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असं गाळलंय.

बर्गन काउंटीतली, एवढंच सांगते. या भागात कोरियन वस्ती खूप, पॅलिसेड्स पार्कमध्ये तर 2010 च्या जनगणनेत निम्म्याहून जास्त लोक कोरियन होते, दुकानांच्या पाट्यासुद्धा कोरियनमध्ये. ही गणितात पहिली, डिबेटची बक्षिसं, व्हायोलिन. आई घेऊन आली कारण हिने मॅथ टीम सोडून शनिवारच्या कोरियन शाळेत नाव घातलं होतं, तेही छोट्या मुलांच्या वर्गात, कारण वाचताच येत नव्हतं. लहानपणी कुणीतरी सांगितलं होतं घरी फक्त इंग्लिश बोला, आणि त्यांनी ते मनापासून पाळलं.

मी आधी झोप किती, होमवर्क किती हेच विचारत बसले, चुकलंच माझं. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "सगळे मला स्मार्ट म्हणतात आणि मला घरातल्या हालमोनीशी बोलता येत नाही." हालमोनी म्हणजे आजी. दोघींचं बोलणं 'जेवलीस का'च्या पुढे कधी गेलंच नव्हतं.

कोरियनची हंगुल लिपी तशी पटकन येते, राजा सेजोंगने 1446 मध्ये लोकांना सहज शिकता यावी म्हणूनच जाहीर केलेली, त्यातल्या मूळ व्यंजनांचे आकारच जीभ, ओठ, घसा यांच्यावरून घेतलेत. दोन आठवड्यांत ती अक्षरं लावायला लागली आणि एक दिवस फ्रिजमधले किमचीचे, म्हणजे आंबवलेल्या तिखट कोबीचे, डबे वाचत सुटली. थंडीच्या तोंडावर सगळ्यांनी मिळून हिवाळाभराची किमची घालायची, त्याला किमजांग म्हणतात, आजी दरवर्षी घालायची आणि डब्यांवर चिठ्ठ्या लावायची. एका डब्यावर हिचं कोरियन नाव होतं. कमी तिखटाचा, हिच्यासाठी वेगळा, इतकी वर्षं डोळ्यासमोर होता. हे सांगताना माझ्या खोलीत खूप रडली पोर.

आई विरघळली, पण लगेच म्हणाली, "मग कॉलेज प्रवेशाच्या निबंधाला हा विषय छानच आहे ना?" मी स्पष्ट नाही म्हटलं. तिला लिहावंसं वाटलं तर ती लिहील, पण तुम्ही सुचवू नका, पहिल्यांदाच ती काहीतरी बक्षिसाशिवाय करतेय, त्याचीही स्पर्धा केलीत तर तेही सोडेल. मूल झोपत नसेल, मित्रमैत्रिणी तोडत असेल, कशातच रमत नसेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा जरूर या. इथे तसं काही नव्हतं.

त्या सेमिस्टरला एका विषयात बी ग्रेड आली. मॅथ टीममध्ये ती परत गेली नाही. आजी आता रोज रात्री तिची वही तपासते, आणि अगदी कडक तपासते म्हणे.