रिझल्ट उलटे आले, म्हणजे पीएचडी वाया गेली का?

पीएचडीवाल्यांकडून हा प्रश्न सारखा येतो म्हणून एक केस सांगते, ओळख पटू नये एवढे तपशील बदललेत.

मुलगी चौथ्या वर्षाला, विषय कोडॉन युसेज, म्हणजे जीनमधले तीन-तीन अक्षरांचे शब्द (कोडॉन) पेशी कोणते जास्त, कोणते कमी वापरते. झोप उडालेली, गाइडचा मेल दिसला की छातीत धडधड, लॅब मीटिंग काहीतरी कारण काढून टाळायची. म्हणाली, "मॅडम, माझ्या हातालाच गुण नाही." मी म्हटलं आधी काम काय ते मला कळेल असं सांग. (हे मी मुद्दाम करते, कामाबद्दल बोलताना माणसाचा आवाज बदलतो, तिचाही बदलला.)

तर कोडॉन ६४, त्यातले ३ स्टॉपचे (प्रोटीन इथे संपलं असं सांगणारे), उरलेले ६१ आणि अमिनो आम्लं (ज्यांच्या माळेचं प्रोटीन बनतं) फक्त २०, त्यामुळे एकट्या ल्युसिनलाच ६ कोडॉन. पेशी सगळे सारखे वापरत नाही, दुर्मिळ कोडॉनचे टीआरएनए (अमिनो आम्ल आणून देणारे रेणू) सहसा कमी असतात म्हणून तिथे रायबोसोम (प्रोटीन जोडणारं यंत्र) रेंगाळतो असं मानतात. हिने जीनमधले दुर्मिळ कोडॉन काढून नेहमीचे घातले, प्रोटीन तेच, फक्त जास्त बनायला हवं होतं, तर ई. कोलाय या जिवाणूमध्ये ते कमीच! ब्लॉटवर (प्रोटीन किती बनलं ते पट्ट्यांवरून दाखवणारी चाचणी) मूळ जीनचा बँड गडद, हिचा पुसट, परत केलं तरी तेच, कंट्रोल (तुलनेचे नमुने) मात्र व्यवस्थित.

मी विचारलं, हात खराब असता तर दर वेळी वेगळं आलं नसतं का? जरा वेळाने तीच बोलली, २००९ ला सायन्समध्ये कुडला आणि सहकाऱ्यांचा पेपर आला होता, जीएफपी या हिरव्या चमकणाऱ्या प्रोटीनच्या जीनची १५४ रूपं, प्रोटीन एकच तरी चमकेत २५० पट फरक, आणि तो कोडॉनच्या पसंतीवरून नाही तर एमआरएनएची (जीनची नक्कल, जी वाचून प्रोटीन बनतं) सुरुवातीची घडी किती घट्ट यावरून बराचसा कळत होता. हा पेपर तिने स्वतः पहिल्या वर्षी प्रेझेंट केला होता! दुसऱ्याचं उलटं आलं तर शोध, आपलं आलं तर नापास, हुशार मुलांत हे फार बघते मी.

तिला एकच काम दिलं, एका पानावर लिही, काय विचारलं, काय दिसलं, कशामुळे असू शकतं, आणि "फेल" शब्द कुठेही नको. कारणं लिहिताना तिच्याच लक्षात आलं की ब्लॉटला तिने फक्त विरघळणारा भाग लावला होता, प्रोटीनची घडी चुकून ते पेलेटमध्ये (न विरघळता तळाला बसणारा भाग) बसलं असेल तर दिसणार कसं. पान घेऊन गाइडकडे गेली, तिथे अर्धा तास पेलेटवरच चर्चा. पेलेटमध्येही फारसं काही निघालं नाही, मग आता एमआरएनएची सुरुवातीची घडी बदलू नये म्हणून सुरुवातीचे कोडॉन मूळचे ठेवून नवा क्लोन बनवतेय, मीटिंगला जाते, धडधड कमी आहे, गेलेली नाही.

गाइड अपमान करत असेल किंवा फेलोशिप संपत आली असेल तर नुसत्या पानाने भागत नाही, तो वेगळा विषय. आणि झोप आठवडेच्या आठवडे नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर थीसिस बाजूला ठेवून आधी सायकियाट्रिस्टकडे जा.