चौकटीच्या कागदावरील मोटारशर्यत

प्रश्न : चौकटीच्या वहीवर आम्ही पाळीपाळीने मोटारशर्यत खेळतो. सरळ रस्त्यावर माझी गाडी सर्वांच्या पुढे असते, परंतु वळणावर हटकून बाहेर जाते. असे का होते?

उत्तर : गणिती कोड्यांचे लेखक मार्टिन गार्डनर यांनी जानेवारी १९७३ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ या विज्ञान मासिकातील आपल्या सदरात मांडलेल्या या खेळाचा मूळ नियम असा, की मागील चालीत गाडी जितकी घरे आडवी आणि जितकी उभी सरकली, त्या प्रत्येक आकड्यात या चालीत फार तर एकाचाच फरक करता येतो. त्यामुळे थांबण्यासाठी लागणारे अंतर वेगापेक्षा कितीतरी झपाट्याने वाढते : आडवा वेग ४ असेल, म्हणजे मागील चालीत गाडी ४ घरे आडवी सरकली असेल, तर पुढच्या चाली ३, २, १ अशा होऊन ६ घरांत गाडी थांबते, तर वेग ८ असल्यास तब्बल २८ घरे लागतात. आपण बहुधा वळण समोर आल्यावर वेग कमी करू लागता. तो हिशेब सरळ रस्त्याच्या मध्यावरच करावा.

मात्र पूर्ण थांबण्याची गरज नसते. आडवा आणि उभा वेग स्वतंत्रपणे बदलत असल्यामुळे, रस्ता पुरेसा रुंद असेल तर एक कमी होत असतानाच दुसरा वाढवता येतो, आणि खेळातली खरी गंमत माझ्या मते इथेच आहे. वळणात बाहेरच्या कडेने शिरावे, आतला कोपरा जवळून गाठावा आणि पुन्हा बाहेरच्या कडेकडे निघावे. रस्त्याबाहेर गेलेली गाडी बाद धरायची की शून्य वेगाने परत आणायची, हे मात्र शर्यतीपूर्वीच ठरवून घ्यावे.