अर्थशास्त्राची पदवी आणि महापौराची खुर्ची

चार वर्षं महापालिकेत प्रशासक होता, त्यामुळे महापौर नेमकं काय करतो हेच नाशिककर विसरलेत बहुतेक. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीनंतर आलेल्या पत्रांत तेच ते गोंधळ आहेत. म्हणून एकदाच उत्तरं देतो.

मुलगी अर्थशास्त्रात एम.ए. करते आहे. महापौर व्हायला ही पदवी चालेल का? (पंचवटी)

पदवीची अटच नाही. आधी नगरसेवक व्हावं लागतं, मग महापौरपदाची आरक्षण सोडत अनुकूल पडावी लागते.

मी देवळाली कॅम्पात राहतो. नाशिक रोडच्या प्रभागातून उभा राहू का?

मतदारयादीत नाव कुठे आहे? कॅन्टोन्मेंटच्या, म्हणजे छावणी मंडळाच्या, यादीत असेल तर महापालिकेला उभं राहता येत नाही. निवडणूक शाखेत जाऊन यादी डोळ्यांनी बघा, शेजाऱ्याला विचारू नका.

कोलंबियाची राजधानी बोगोटाच्या अर्थतज्ज्ञ महापौरानं वर्षभरात शहर पालटलं, असा मेसेज फिरतोय. आपल्याकडे का होत नाही? (गंगापूर रोड)

मेसेज पुढे ढकलण्याआधी तारखा तरी बघाव्यात. मेसेजमधले महापौर म्हणजे एन्रिके पेन्यालोसा, ते अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात अर्थशास्त्र आणि इतिहास शिकले. १९९४ मध्ये महापौरपदाची निवडणूक हरले, १९९७ मध्ये जिंकले. त्यांची ती गाजलेली ट्रान्समिलेनिओ बस धावली डिसेंबर २०००मध्ये, मुदत संपायला जेमतेम दोन आठवडे उरलेले असताना. वर्षभरात कुठे? पुढे २००७ आणि २०११ मध्ये ते पुन्हा पडले, २०१५ मध्ये परत निवडून आले. मधल्या काळात महापौर झालेले गुस्ताव्हो पेत्रो, २०२२ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले ते, तेही अर्थशास्त्रच शिकलेले. कचरा उचलण्याच्या वादात २०१३च्या शेवटी त्यांना पदावरून काढण्याचा आदेश निघाला, मार्च २०१४ मध्ये पद गेलं आणि एप्रिलमध्ये परत बसवलं.

आणि मुख्य फरक: तिथला महापौर थेट लोकांतून निवडून येतो, कारभार त्याच्या हातात असतो. आपल्याकडे कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे, महापौराची मुदत अडीच वर्षं.

म्हणजे बजेट महापौराच्या हातात नसतं? (इंदिरानगर)

आयुक्त अंदाजपत्रक स्थायी समितीला देतात, स्थायी फेरफार करून महासभेपुढे, म्हणजे सगळ्या नगरसेवकांच्या सभेपुढे, ठेवते. महापौर महासभेचे अध्यक्ष. पण खरं दुखणं वेगळंच आहे. एक नगरसेवक अंदाजपत्रकाची प्रत घेऊन माझ्याकडे आले होते. खर्चाच्या पानांचे कोपरे दुमडलेले, पेनाच्या खुणा. जमेची पानं मात्र अजून एकमेकांना चिकटलेली! अहो, पैसा येतो कुठून ते आधी बघा. शहरात येणाऱ्या मालावर जकात होती तेव्हा नाक्यावर रोजची रोकड जमा व्हायची. २०१३ मध्ये तिच्या जागी एलबीटी (स्थानिक संस्था कर) आली, २०१७ पासून जीएसटी भरपाईचं अनुदान. म्हणजे मोठी जमा राज्य सरकारच्या हप्त्यावर. उरते घरपट्टी, पाणीपट्टी, विकास शुल्क. आकडा जुळेना की यातलाच एखादा अंदाज फुगवायचा, कामं मंजूर करायची आणि बिलं पुढच्या वर्षाच्या दायित्वात, म्हणजे देण्यात, ढकलायची. सिटीलिंक या शहर बससेवेची तूटही याच तिजोरीतून. मागच्या वर्षाची प्रत्यक्ष वसुली, सुधारित अंदाज आणि नवा अंदाज, हे तीन रकाने शेजारी ठेवून वाचले की सोंग उघडं पडतं. ज्याला अर्थशास्त्र येतं त्यानं निदान एवढं करावं. वाचता येत नसेल तर लेखा विभागातल्या निवृत्त माणसाला किंवा सनदी लेखापालाला गाठा.

'नगरसेवक ते महापौर' असा कोर्स आहे, प्रमाणपत्रासह. फी भरू का? (सिडको)

नको. प्रमाणपत्र बघून कोणी तिकीट देत नाही आणि मतही देत नाही. तेवढे दिवस महासभेच्या गॅलरीत बसा. महापालिका कायद्याचं पुस्तक विकत घ्या आणि अडलेली कलमं वकिलाकडून समजून घ्या.

राखीव जागेवर उभं राहायचंय. एजंट म्हणतो, जातवैधतेचं निकालानंतर बघू. (सातपूर)

एजंटचं काय जातंय? दिलेल्या मुदतीत वैधता प्रमाणपत्र आलं नाही तर निवडून आलेलं पद जातं. आजोबांच्या शाळेचा दाखला शोधायलाच महिने जातात. एजंटला सोडा, पडताळणी समितीच्या कार्यालयात स्वतः जा, जाताना वकील सोबत घ्या. आणि हो, याच आठवड्यात.