चेहऱ्याचे ३९७ डॉलर

प्रश्न : मुलगा शिकागोत असतो. २०२२ मध्ये त्याला चेहऱ्याच्या कुठल्याशा खटल्यातले ३९७ डॉलर मिळाले. वकील केला नाही, कोर्टाची पायरी चढला नाही. पैसे खरंच त्याचे का?

उत्तर : त्याचेच, ताई. शिकागो ज्या इलिनॉय राज्यात आहे, तिथला २००८चा कायदा म्हणतो, चेहऱ्याची ठेवण मोजायची तर आधी लेखी संमती घ्या. फेसबुक फोटोत ‘हा अमुक का?’ म्हणून नाव सुचवायचं ना, ते अशाच मोजमापावर. संमती घेतलीच नाही, असं म्हणत मोजक्या लोकांनी सगळ्यांच्या वतीने फेसबुकवर दावा लावला. ५५ कोटी डॉलरची तडजोड न्यायाधीशांना अपुरी वाटली, मग ती ६५ कोटींवर गेली. सुमारे १६ लाख जणांनी अर्ज भरले. चिरंजीवांनीही भरला असणार, विचारून बघा, विसरले असतील! शेजारच्या इंडियानात राहत असते, तर छदामही मिळाला नसता.