टायर बदलले आणि इशाऱ्याचा दिवा विझेना: भरपाई कोणाकडे मागायची?

प्रश्न: माझी स्पोर्ट्स कार चौथ्या वर्षात आहे आणि वाढीव वॉरंटी चालू आहे. गाडी माझ्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या नावावर असली तरी चालवतो मीच. चारही टायर बाहेरच्या टायरवाल्याकडे बदलले. गाडी ताब्यात घेतल्यापासून टायरमधल्या हवेचा इशारा देणारा दिवा जात नाही. टायरवाला आधी म्हणाला, ‘थोडी चालवा, आपोआप जाईल.’ नंतर म्हणाला, ‘आम्ही रिसेट केलंय, आता कंपनीत दाखवा.’ अधिकृत सर्व्हिस सेंटरने स्कॅनर लावला. मागच्या डाव्या चाकातला सेन्सर प्रतिसाद देत नाही, चारही बदलावे लागतील आणि टायर बाहेर बदलल्यामुळे वॉरंटी लागू होणार नाही, असे ते सांगतात. टायरवाल्याच्या मते सेन्सर आधीच मेलेला होता. शिवाय त्याच्या बिलावर ‘इलेक्ट्रॉनिक भागांची जबाबदारी आमची नाही’ असे छापलेले आहे. पैसे कोणी द्यायचे? वॉरंटी खरेच गेली का? बिल कंपनीच्या नावे आहे, मग ग्राहक म्हणून तक्रार चालेल का? आणि तोवर गाडी चालवावी का?

उत्तर: शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीच्यांना वेळ आहे, त्याला नाही. दिवा लागलेला असताना गाडी वेगात चालवू नका. अगदी गरज पडली तर निघण्यापूर्वी, टायर थंड असताना, चारही चाकांची हवा गेजने मोजा आणि आकडे तारखेसह लिहून ठेवा. हे सुरक्षेसाठी आहेच, पण माझा रोख कायद्याकडेही आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७३ नुसार नुकसानीचा हिशेब करताना, ते आवरण्याचे कोणते उपाय तुमच्या हातात होते तेही पाहिले जाते. वाहन विम्याच्या पॉलिसीतही गाडी सुस्थितीत ठेवण्याची आणि नुकसान टाळण्यासाठी वाजवी काळजी घेण्याची अट असते. उद्या कमी हवेमुळे टायर फाटला, तर ‘दिवा आठवडाभर दिसत होता, तुम्ही काय केलंत?’ हा पहिला प्रश्न तुम्हालाच विचारला जाईल. गाडीत स्टेपनी नसेल तर जास्तच जपा. २०२० च्या नियमदुरुस्तीने टायरच्या हवेवर लक्ष ठेवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असलेल्या मोटारींना स्टेपनीशिवाय धावण्याची मुभा दिली. तुमची नेमकी तीच यंत्रणा आज बंद आहे.

आता भांडण कोणाशी, हे पाहू. तुमच्या पत्रात दोन पक्ष एकमेकांकडे बोट दाखवत आहेत आणि तुम्ही दोघांनाही नोटीस पाठवायच्या तयारीत दिसता. थोडे थांबा. सेन्सर नेमका कशाने गेला हे कागदावर येत नाही तोवर नोटीस पाठवणे म्हणजे अंधारात दगड मारणे.

‘रिसेट’ हा शब्द टायरवाल्याने ज्या सहजतेने वापरला, त्याने मी सावध झालो. ही यंत्रणा दोन प्रकारची असते. एका प्रकारात चाकात सेन्सर नसतोच. चाक किती वेगाने फिरते यावरून गाडीचा संगणक हवेचा अंदाज बांधतो, म्हणून टायर बदलले की मेनूत जाऊन त्याला ‘आता हेच प्रमाण धर’ असे सांगावे लागते. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक रिमच्या आत, व्हॉल्व्हजवळ, एक छोटा रेडिओ सेन्सर बसवलेला असतो. त्याला स्वतःचा ओळख क्रमांक असतो आणि गाडी त्या चार क्रमांकांना ओळखते. सर्व्हिस सेंटर ‘मागचा डावा सेन्सर’ म्हणत असेल तर तुमची गाडी दुसऱ्या प्रकारातली आहे. अशा गाडीत फक्त टायर बदलला तर सेन्सर रिमवर तसाच राहतो आणि त्याचा क्रमांकही बदलत नाही. चाके अदलाबदल झाली तर कोणता सेन्सर कुठे आहे हे गाडीला पुन्हा शिकवावे लागते, पण अनेक स्पोर्ट्स कारमध्ये मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद असतात. तिथे पुढचे चाक मागे जाऊच शकत नाही, फार तर डावे-उजवे बदलेल. टायरचा प्रकार किंवा माप बदलले असेल तर काही गाड्यांत ते मेनूत निवडावे लागते, काहींत त्यानंतर थोडे अंतर चालवावेही लागते. पण यातल्या कशानेही जिवंत सेन्सर मुका होत नाही, आणि मुका सेन्सर रिसेटने बोलू लागत नाही. म्हणजे ‘रिसेट केलंय’ हे टायरवाल्याचे उत्तर तुमच्या तक्रारीला लागूच पडत नाही. हे त्याला ठाऊक नसेल तर त्याने या गाडीचे काम घ्यायला नको होते. ठाऊक असेल तर त्याने तुम्हाला झुलवले.

तरीही त्याच्या ‘आधीच मेला होता’ या बचावाला मी हसून सोडणार नाही. या सेन्सरची बॅटरी सीलबंद असते, तेवढीच बदलता येत नाही आणि साधारण पाच ते दहा वर्षे टिकते. चौथ्या वर्षी ती संपणे अशक्य नाही, पण लवकर आहे. दुसरीकडे, टायर रिमवरून सोडवताना यंत्राचे पाते व्हॉल्व्हच्या बाजूला दाबले तर सेन्सरचे आवरण तडकते. हे या धंद्यातले नेहमीचे नुकसान आहे. तिसरी शक्यता तुम्हालाच विचारतो. मध्ये कधी पंक्चर झाल्यावर संचातला द्रव टायरमध्ये भरला होता का? तो सेन्सरच्या छिद्रात बसला तर सेन्सर निकामी होऊ शकतो आणि मग टायरवाल्यावरचा आरोप ढिला पडतो. असे काही झाले असेल तर ते तुमच्या वकिलापासून लपवू नका. टायर उघडल्यावर आत ते दिसणारच आहे.

म्हणून आज करायचे काम एवढेच. सर्व्हिस सेंटरकडून स्कॅनरच्या अहवालाची छापील प्रत मागा. बऱ्याच गाड्यांत बिघाडाच्या कोडबरोबर त्या वेळचा किलोमीटरचा आकडाही साठवला जातो. तो आकडा टायरच्या बिलावरच्या किलोमीटरशी ताडून पाहा. बिघाड बिलानंतरच नोंदला गेला असेल तर निम्मा खटला तिथेच संपतो. आकडा नसेल तर आधीच्या सर्व्हिसची तपासणी यादी काढा, तिच्यात टायरच्या हवेच्या यंत्रणेसमोर ‘ठीक’ अशी खूण असते. दिवा कसा लागतो याचाही व्हिडिओ घ्या. बऱ्याच गाड्यांत गाडी सुरू करताच तो मिनिटभर लुकलुकून मग स्थिर झाला तर यंत्रणेत बिघाड समजतात. सुरुवातीपासूनच स्थिर असेल तर बहुधा हवा खरोखर कमी असते. हे व्हिडिओ पुढे पुरावा म्हणून द्यायचे तर भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागते, म्हणून मूळ फाइल फोनमधून पुसू नका.

त्यानंतर ते चाक उघडायचे, पण गुपचूप नाही. टायरवाल्याला ईमेल आणि व्हॉट्सअॅप दोन्हीवर कळवा की अमुक दिवशी, अमुक वेळी चाक उघडणार आहोत, हजर राहा. आला तर त्याच्यासमोर आणि नाही आला तर त्याच्याविना, फोटो काढत टायर उतरवायचा. जॉबकार्डवर ‘काढलेला भाग मालकास परत’ असे लिहून घ्या आणि तो सेन्सर पिशवीत बंद करून स्वतःकडे ठेवा. तो कचऱ्यात गेला की तुमच्याकडे फक्त तुमचा शब्द उरतो.

मी पुराव्यावर इतका का अडून बसलो आहे? सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट सांगितले की सेवेत त्रुटी होती हे सिद्ध करण्याचा भार तक्रारदारावर असतो. तुमच्या बाजूने मात्र आणखी एक तरतूद आहे. गाडी दुरुस्तीला दिली की ती काही काळ दुसऱ्याच्या ताब्यात जाते आणि करार कायद्याच्या कलम १५१ नुसार त्याने तिची काळजी सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची घेतो तितकी घ्यायला हवी. वस्तू धड गेली आणि मोडून आली हे एकदा दाखवले, की काळजी घेतली होती हे पटवून देणे ताब्यात घेणाऱ्याचे काम. म्हणजे ‘आधी धड होती’ एवढे तुम्ही दाखवा. पुढचे त्याला दाखवू द्या.

बिलावरची छापील ओळ फार मनावर घेऊ नका. काम झाल्यावर हातात दिलेल्या बिलातल्या बारीक अक्षरांनी आधीच झालेला निष्काळजीपणा धुऊन निघत नाही. कामापूर्वी तुमची सही घेतली असेल तर प्रकरण थोडे निराळे, पण पत्रावरून तसे दिसत नाही. इथे एक खाचखळगा आहे. उत्साहात तक्रारीत ‘अनुचित करार’ असे शब्द घालू नका. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली अनुचित कराराच्या तक्रारी जिल्हा ग्राहक आयोगाकडे नाही, राज्य ग्राहक आयोगाकडे जातात. तुमची तक्रार ‘सेवेतील त्रुटी’ एवढ्यावरच ठेवा.

वॉरंटीचा मुद्दा. ‘टायर बाहेर बदलले म्हणून वॉरंटी गेली’ हे वाक्य सर्व्हिस सेंटर तोंडी सहज बोलते, लेखी देताना मात्र काचकूच करते. म्हणून लेखीच मागा: वॉरंटीच्या कोणत्या अटीखाली नकार, आणि टायर बदलण्याचा त्या बिघाडाशी संबंध काय. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ च्या आदेशात १४ कार उत्पादकांना हेच बजावले होते. केवळ स्वतंत्र गॅरेजमध्ये काम करून घेतले म्हणून वॉरंटी रद्द करता येणार नाही, बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल, असा त्याचा आशय. त्या आदेशाविरुद्ध अपिले झाली, म्हणून एकट्या त्यावर भिस्त नको, पण पत्रात उल्लेख जरूर करा. सरळ अर्थ असा की इंजिन, गिअरबॉक्स, इलेक्ट्रॉनिक्स यांची वॉरंटी टायरमुळे जात नाही. त्या एका सेन्सरचे म्हणाल, तर तो टायरवाल्याच्या हातून फुटला असेल तर उत्पादकाने तो फुकट का द्यावा? तिथे सर्व्हिस सेंटरचे म्हणणे बरोबर आहे. तो फुटलेला नसून आतून निकामी झाला असेल, तर मात्र आधी तुमच्या वॉरंटीत सेन्सर येतो का ते पाहा आणि येत असेल तर दावा तिकडे वळवा. तुमच्या दोन तक्रारी एकमेकींच्या विरुद्ध आहेत, हे लक्षात आले ना? सेन्सर फुटला म्हणून टायरवाल्याकडे आणि सदोष होता म्हणून उत्पादकाकडे, असे दोन्ही दगडांवर पाय ठेवता येणार नाहीत.

चारही सेन्सर बदलण्याचा सल्ला व्यवहार म्हणून ठीक असेल, कारण उरलेले तीनही चार वर्षांचे आहेत. पण त्या तिघांचे पैसे टायरवाल्याकडून मिळणार नाहीत. एकच बदलून घ्या, किंवा चारही बदला आणि मागणी एकाचीच करा. सर्व्हिस सेंटरचे बिल वादग्रस्त वाटले तरी अडवून धरू नका. करार कायद्याच्या कलम १७० नुसार केलेल्या कामाचे पैसे मिळेपर्यंत गाडी ताब्यात ठेवण्याचा त्यांना अधिकार आहे. ‘हरकत नोंदवून रक्कम देत आहे’ असे लिहून पैसे भरा आणि गाडी सोडवा.

कंपनीच्या नावाचा अडसर वाटतो तेवढा मोठा नाही. २०१९ च्या कायद्यात व्यापारी कारणासाठी सेवा घेणारा ‘ग्राहक’ ठरत नाही हे खरे. पण बिल कोणाच्या नावे हे पाहून ते ठरत नाही, मुख्य हेतू पाहिला जातो. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीने संचालकाच्या वैयक्तिक वापरासाठी घेतलेल्या गाडीच्या प्रकरणात, ती खरेदी व्यापारी कारणासाठी होती असे मानायला नकार दिला. तुमचे प्रकरण त्याच वळणाचे आहे. फक्त तक्रारदार कंपनी असेल, तुम्ही नाही. संचालक मंडळाचा ठराव करून सहीचा अधिकार घ्या, नाहीतर पहिल्याच तारखेला त्यावर हरकत येईल. गाडी भाड्याने देत असाल किंवा तिच्यावर इतर धंदेवाईक वापर दाखवला असेल तर हा निकाल तुम्हाला वाचवणार नाही.

तक्रार कुठे करायची हे गाडीच्या किमतीवर नाही, तर त्या सेवेसाठी तुम्ही मोजलेल्या रकमेवर ठरते. जिल्हा आयोगाची मर्यादा ५० लाख रुपये, राज्य आयोगाची २ कोटी आणि त्यापुढे राष्ट्रीय आयोग. टायरवाल्याविरुद्धची तक्रार टायरच्या बिलावर जाते, म्हणजे जिल्हा आयोगातच. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही. याच तक्रारीत गाडी विकणाऱ्याला आणि उत्पादकाला ओढलेत तर मोबदला म्हणून गाडीची किंमत पुढे येईल आणि एका सेन्सरसाठी तुम्ही वरच्या आयोगाच्या दारात उभे राहाल. म्हणून प्रतिपक्ष एकच ठेवा. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे, ग्राहक संरक्षण कायद्याचे कलम ६९. कंपनीचे कार्यालय जिथे आहे तिथल्या जिल्हा आयोगात, ई-जागृती पोर्टलवरून, तक्रार दाखल करता येते.

त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा आणि स्पीड पोस्टाने १५ दिवसांची नोटीस पाठवा. स्कॅनरचा अहवाल आणि फुटलेल्या सेन्सरचा फोटो जोडलेली नोटीस पाहून बरेच जण तडजोडीला येतात, आणि एवढ्या रकमेसाठी तुम्हीही यावे असे माझे मत आहे. मागणीत सेन्सर, टायर उतरवून बसवणे, बॅलन्सिंग, स्कॅनरचा खर्च आणि तक्रारीचा खर्च एवढेच लिहा. मानसिक त्रासाची भरपाई मागू नका. तक्रारदार कंपनी आहे आणि कंपनीला मन नसते, ही हरकत समोरचा वकील घेतल्याशिवाय राहणार नाही.